गणिताची परीक्षा आणि गणिताचे शिक्षण : शिष्यवृत्तीच्या वर्गांचा एक आढावा

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की आडगावातील जिल्हा परिषदेच्या शाळेपासून शहरातील नामांकित विद्यालयापर्यंत सर्वत्र शिष्यवृत्तीच्या जादा तासांना वेग येतो. प्रार्थनेपूर्वी तासभर, शाळा सुटल्यावर तासभर, आणि परीक्षेचा महिना जवळ आला म्हणजे रविवारीही, फळ्यावर लसावि-मसावि, शेकडेवारी, सरासरी आणि सरळव्याज यांची उदाहरणे मांडली जातात व मुले सराव प्रश्नसंच एकामागून एक सोडवीत सुटतात. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या गणितावर शिक्षक आणि पालक या काळात जेवढे श्रम घेतात, तेवढे एरवी वर्षभरात क्वचितच घेत असतील. म्हणूनच त्या श्रमांतून मुलाच्या बुद्धीला काय लाभते, याची एकदा स्वस्थ चित्ताने छाननी होणे अगत्याचे आहे. या छाननीअंती माझे जे मत बनले ते आरंभीच नमूद करतो : परीक्षेची उत्तम तयारी आणि गणिताचे उत्तम अध्यापन या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, आणि ज्या तयारीत मुलाच्या चुकीचे कारण शोधण्यास सवड नाही, ती तयारी गुण मिळवून देण्याच्या कामीही अखेर तोकडीच पडते.

प्रथम या परीक्षांचे स्वरूप पाहू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, या संस्थेकडून घेतली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा अनेक दशके चौथी आणि सातवी या इयत्तांसाठी होत असे. 2016-17 या शैक्षणिक वर्षापासून ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली, आणि 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळविण्याचा निर्णय घेतला. पाचवी-आठवीसाठी रूढ झालेल्या आराखड्यात पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 असे 75 प्रश्न असून त्यांस 150 गुण व 90 मिनिटांची मुदत आहे. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतही तितकेच प्रश्न असून त्यांपैकी 50 बुद्धिमत्ता चाचणीचे आहेत. म्हणजे एकूण 300 गुणांपैकी 100 गुण थेट गणिताचे, आणि संख्यामालिका, घड्याळ, दिनदर्शिका, घन व आकृत्या यांच्या द्वारे बुद्धिमत्ता चाचणीतही गणिताचाच वावर. काठिण्याचे प्रमाण सोपे, मध्यम व कठीण यांसाठी अनुक्रमे 30, 40 व 30 टक्के असे ठरलेले. आणि आठवीच्या परीक्षेत कमाल 20 टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असून ते दोन्ही नोंदविल्यावाचून गुण नाहीत, अशी आणखी एक तरतूद. या शेवटच्या तरतुदीचे मर्म पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. एक बरोबर पर्याय सापडताच पुढे धावणाऱ्या मुलाला ती अडविते आणि चारही पर्यायांची रुजुवात करण्यास भाग पाडते.

याच्या जोडीला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय परीक्षा आहे, जी शाळाशाळांतून एनएमएमएस या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना तिचे दार खुले असते, आणि तीत निवड झालेल्या मुलास नववी ते बारावीपर्यंत दरसाल 12,000 रुपये मिळतात. तिच्यातील शालेय क्षमता चाचणीच्या 90 प्रश्नांपैकी गणिताचे अवघे 20 असले, तरी बौद्धिक क्षमता चाचणीतही संख्यांच्या संबंधांवर उभे असलेले प्रश्न असतात. शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या घरी वर्षाला बारा हजार ही रक्कम मुलगी नववीत जाणार की घरी बसणार, या प्रश्नाचा निकाल लावू शकते; तेव्हा या परीक्षांची तयारी ही केवळ हौशी पालकांची बाब आहे, असे कोणी समजू नये. शिवाय पाचवीतील मुलांसाठी नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा, आणि गणित अध्यापकांच्या मंडळांनी चालविलेल्या प्रावीण्य व प्रज्ञा परीक्षा आहेतच.

गणिताच्या कसोटीचे हे आकर्षण आपल्या प्रदेशास नवे नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ रचली ती पृच्छेच्या शैलीत, श्रोत्यापुढे व्याज, व्यापार, त्रैराशिक आणि क्षेत्रमापन यांचे प्रश्न मांडीत. आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापिल्याचा शिलालेख आजही आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची उजळणी दररोज होई, आणि त्यास सबळ कारण होते : सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, शेर आणि मण यांच्या हिशेबात चतुर्थांश व अर्धा यांवाचून पाऊलही टाकता येत नसे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चलनात आली, वजने-मापेही पाठोपाठ दशमान झाली, आणि औटकीचे प्रयोजनच सरले. ते पाढे गेले याचा खेद करण्याचे कारण नाही. खेद याचा, की त्यांच्याबरोबर अपूर्णांकाशी असलेला नित्याचा परिचयही गेला, आणि त्या जागी दशांश अपूर्णांकाशी तितकाच घरोबा आपण निर्माण केला नाही.

त्याचा परिणाम आजच्या वर्गात स्पष्ट दिसतो. 0.4 आणि 0.35 यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले असता सहावी-सातवीतील कित्येक मुले 0.35 असे निःशंकपणे सांगतात, कारण पस्तीस चारांहून मोठे. 624 ला 6 ने भागावयास सांगितले तर अनेकांचे उत्तर 14 येते : सहा एके सहा झाले, पुढच्या दोनाला भाग जात नाही, म्हणून चार खाली घेऊन सहा चोक चोवीस केले, आणि भागाकारात मांडावयाचे शून्य वाटेतच गळाले. वस्तूची किंमत प्रथम 20 टक्के वाढविली आणि नंतर 20 टक्के घटविली तर मूळ किमतीत काय फरक पडेल, या प्रश्नाला ‘काहीच नाही’ हे उत्तर जवळजवळ ठरलेले. वास्तविक शंभराचे एकशेवीस होतात, एकशेवीसचे वीस टक्के चोवीस, म्हणजे उरले शहाण्णव, आणि घट चार टक्के. प्रश्नपत्रिका काढणारा जाणता शिक्षक 14 हे उत्तर आणि ‘काहीच फरक नाही’ हे उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवतो. मुलाने आपले उत्तर पर्यायांत पाहिले, की त्याची खात्री पटते, आणि ते वर्तुळ तो निर्धास्तपणे काळे करतो.

सूत्रे पाठ करविण्याच्या पद्धतीतूनही चुका जन्मास येतात, याचे एक ठळक उदाहरण देण्यासारखे आहे. क्रियांचा क्रम ध्यानी राहावा म्हणून आपल्या शाळांत ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आता 20 − 8 + 5 ही पदावली घ्या. सूत्राचा शब्दशः अर्थ लावणारा विद्यार्थी आधी 8 आणि 5 यांची बेरीज 13 करून ती 20 मधून वजा करतो आणि उत्तर 7 लिहितो. खरे उत्तर 17. बेरीज व वजाबाकी एकाच पायरीच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने करावयाच्या, हे सूत्र सांगत नाही. ते शिक्षकाने सांगावे लागते, आणि नुसते सांगून न थांबता वीस रुपयांतून आठ खर्च झाले व मग पाच मिळाले, अशा व्यवहारातून दाखवून द्यावे लागते. ज्याने असे दाखविले नाही, त्याच्या वर्गाने शंभर पदावल्या सोडविल्या तरी तीच चूक शंभरदा घोटली जाते.

प्रचलित तयारीचा मुख्य दोष मला येथेच दिसतो. प्रश्नसंच वाटले जातात, उत्तरसूची वाचून दाखविली जाते, मूल आपले गुण मोजते, शिक्षक ते वहीत टिपून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी नवा संच येतो. तीस गुण चुकले एवढेच त्या नोंदीतून कळते. त्यांपैकी किती घाईने, किती वाचनातील गफलतीने आणि किती मुळातील अज्ञानाने चुकले, याचा थांगपत्ता लागत नाही. याहून अनिष्ट म्हणजे पर्याय उदाहरणात घालून पाहण्याची, एकक स्थानाचा अंक पाहून उत्तर हेरण्याची आणि शक्याशक्यतेवर वर्तुळ रंगविण्याची शिकवण. या क्लृप्त्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही; गणित जाणणाऱ्याच्या हाती त्या पडताळ्याची साधने होतात. परंतु ज्याला गणित येत नाही त्याच्या हाती त्या दिल्या, की त्याला आपले अज्ञान झाकण्याची सोय होते, आणि आठवीनंतर, जेथे पर्याय नसतात व पायऱ्या मांडाव्या लागतात, तेथे ते उघडे पडते.

मग तयारी करावी कशी? ज्या शिक्षकांच्या वर्गांतून मुले खरोखर पुढे जातात, त्यांच्या पद्धतींत काही गोष्टी समान आढळतात. ते जून-जुलैतच मुलांची प्राथमिक चाचणी घेतात, आणि ती पर्यायांवाचून, पायऱ्या मांडून. म्हणजे कोणाचे घोडे भागाकारात अडले आहे, कोणाला छेद समान करणे उमगलेले नाही, हे आरंभीच समजते. ही दक्षता अनाठायी नाही. 2024 च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने बिनचूक भागू शकणारी मुले सुमारे 46 टक्के होती. उरलेल्यांच्या हाती चक्रवाढ व्याजाचा प्रश्नसंच ठेवणे म्हणजे पाया खोदण्यापूर्वी गच्ची बांधणे होय. असे शिक्षक प्रत्येक मुलास चुकांची स्वतंत्र वही ठेवावयास लावतात. तीत चुकलेले उदाहरण, चुकीची पायरी आणि ती चुकण्याचे कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे, आणि पंधरवड्याने तेच उदाहरण आकडे बदलून पुन्हा सोडवावयाचे. एका बैठकीत शेकडेवारीची पन्नास उदाहरणे रगडण्याऐवजी ते आठवडाभर रोज पाच-सहा देतात, आणि त्यांत गेल्या महिन्यातील अपूर्णांक व परिमितीही मिसळतात. कारण परीक्षेत प्रश्नाच्या माथ्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते, आणि कोणती रीत लावावयाची हे ओळखणे हेच निम्मे काम असते.

अंदाज आणि ताळा या दोन सवयींना ते विशेष महत्त्व देतात. 624 भागिले 6 करण्यापूर्वी, सहाशेला सहाने भागल्यास शंभर येतात, इतके मनाशी म्हणणारे मूल 14 या पर्यायाकडे ढुंकूनही पाहणार नाही. आणि 14 गुणिले 6 हा ताळा पाहिला तर 84 येऊन चूक तत्क्षणी उघडकीस येईल. 75 प्रश्नांना 90 मिनिटे म्हणजे प्रश्नास सरासरी 72 सेकंद. इतक्या अल्पावधीत ताळा पाहणे कसे जमावे, अशी शंका पालक घेतात. पाढे व वर्ग तोंडपाठ असलेल्या मुलाचे सोपे प्रश्न अर्ध्या वेळात उरकतात आणि उरलेला वेळ ताळ्याच्या कामी येतो. यासाठी पाठांतराला माझा विरोध नाही, उलट तीसपर्यंतचे पाढे मुखोद्गत असावेत असेच मी म्हणेन. वेळ लावून सोडविण्याचा सराव मात्र अखेरच्या दोन महिन्यांत करावा; समज पक्की होण्यापूर्वी घड्याळ पुढे ठेवले, तर मूल घाई तेवढी शिकते.

सरावात गोडी असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांनी दाखवून दिलेला 6174 हा स्थिरांक पाचवीच्या वर्गासही समजतो. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, समजा 3524. तिच्या अंकांची उतरत्या क्रमाने 5432 आणि चढत्या क्रमाने 2345 अशी मांडणी करून वजाबाकी करावी, म्हणजे 3087. पुन्हा 8730 उणे 0378, म्हणजे 8352. पुन्हा 8532 उणे 2358, म्हणजे 6174. आणि पुढे कितीही केले तरी 6174 च. प्रत्येक मुलाने निराळी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सारा वर्ग एकाच मुक्कामी येतो. हातच्याच्या वजाबाक्यांचा जो सराव एरवी कंटाळवाणा होतो, तो या निमित्ताने मुले आपण होऊन करतात, आणि ज्याचे उत्तर 6174 येत नाही तो कोणी न सांगता आपली चूक शोधू लागतो.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात मूल शाळेत एलसीएम आणि पर्सेंटेज शिकते, घरी आजोबांकडून लसावि आणि शेकडा ऐकते, आणि बाजारात सव्वा-दीड-अडीचचा व्यवहार करते. या तिन्हींचा सांधा कोणी जुळवून दिला नाही, तर शाब्दिक उदाहरण त्याला परके वाटते. शाब्दिक उदाहरण चुकते ते बहुधा वाचनात : ‘ने कमी’ आणि ‘पर्यंत कमी’, ‘चे’ आणि ‘पैकी’ यांतील भेद न उमगल्यामुळे. म्हणून उदाहरण आधी मोठ्याने वाचावे, काय दिले आणि काय काढावयाचे ते आपल्या शब्दांत सांगावे, आणि मगच लेखणी उचलावी, हा शिरस्ता प्रत्येक वर्गात असावा. डॉ. मंगला नारळीकर यांनी ‘गणितगप्पा’ लिहून मुलांशी गणिताविषयी साध्या मराठीत बोलता येते हे दाखवून दिले आहे; शिक्षकांनी व पालकांनी ती वाट चोखाळावी.

शेवटी एक विनंती. गुणवत्ता यादीत किती नावे झळकली यावरून शाळेची आणि शिक्षकाची प्रतिष्ठा ठरविण्याचा प्रघात जिल्ह्याजिल्ह्यांत पडला आहे, आणि त्यापायी मोजक्या हुशार मुलांचा वेगळा वर्ग करून उरलेल्यांना बाहेर ठेवले जाते. शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळणार, हे उघड आहे. परंतु तयारीच्या वर्गात बसण्याचा, आपली चूक कोणीतरी शांतपणे समजावून देण्याचा अधिकार साऱ्या मुलांचा आहे. मुख्याध्यापकांनी जादा तास सर्वांना खुले करावेत. शिक्षकांनी संचांची संख्या निम्मी करून वाचलेला वेळ चुकांच्या चर्चेला द्यावा. आणि पालकांनी मूल चाचणी देऊन घरी आले म्हणजे ‘किती पडले?’ या प्रश्नाआधी ‘कोणते चुकले, आणि का?’ असे विचारून त्याच्या शेजारी बसावे. इतके झाले, तर परीक्षेचा निकाल काहीही लागो, त्या मुलाचे गणित पक्के झालेले असेल.