डब्यात काय आहे? : शरदातील मुलांचे खेळ

बऱ्हाणपूर म्हटले की इकडच्या मित्रमैत्रिणींना मुमताजमहल आठवते. तिचा मृत्यू १६३१ साली आमच्या गावी झाला, हे खरेच. परंतु मला माझ्या गावाची ओळख करून द्यायची आहे ती निराळ्या कारणासाठी.

भुसावळहून खंडव्याकडे जाताना रावेर मागे पडले की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि तापीकाठचे बऱ्हाणपूर येते. खानदेश आणि निमाड यांचा हा सांधा. म्हणून भाद्रपदी पौर्णिमेला मराठी घरांत भुलाबाई बसते आणि निमाडी घरांच्या भिंतीवर सांजी चढते. दोन्ही लहान मुलींचे खेळ. मी दोन्ही खेळले आहे.

सांजी सोळा दिवसांची. भिंतीवर गाईच्या शेणाने रोज आकृती काढायची आणि फुलांनी सजवायची. आकृतीचे नाव बहुधा तिथीशी जुळणारे. चौथीला चौपड, छठीला छाबडी, सातमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, आठमीला आठ पाकळ्यांचे फूल. अखेरीस तटबंदीचा किलाकोट. ज्या पोरीला अजून अक्षर गिरवता येत नाही, ती शेण थापता थापता तिथ्यांचा क्रम शिकते. बालवाडीला याहून चांगला पाठ कोणता हवा?

भुलाबाईचा मुक्काम मात्र कोजागिरीपर्यंत, महिनाभराचा. भिल्लाच्या वेषातले शंकर-पार्वती म्हणजे भुलोबा-भुलाबाई, अशी समजूत. संध्याकाळी मुली घरोघर जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि मग खरा खेळ सुरू होतो. यजमान मुलगी आतून झाकलेला डबा आणून खळखळ वाजवते. खाऊ ओळखायचा! गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? एकेका प्रश्नाने शक्यता गळत जातात. तर्कशास्त्राच्या तासाला आपण विभाजन शिकतो ते याहून वेगळे नसते. फक्त तिथे शेवटी करंजी मिळत नाही. यात बारा वर्षांच्या ताईचा अंदाज आणि चार वर्षांच्या चिमुरडीचा अंदाज सारख्याच किमतीचा. शिवाय हरले तरी खाऊ सर्वांनाच. लंगडीत, खोखोत गडी बाद होतो आणि बाद होणारे पोर बहुधा सर्वांत धाकटे असते. इथे कोणी बाद होतच नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील हादग्याने हेच दुसऱ्या रीतीने साधले आहे. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळाव्या दिवशी सोळा. रोज एकाचीच भर पडते म्हणून पाठांतराचे ओझे होत नाही. ज्या चिमुरडीला शब्द येत नाहीत तिचे हात दोन्हीकडून धरलेले असतात. ती ओढली जाते आणि चार दिवसांत गाऊ लागते.

या गाण्यांतला सासुरवास आजच्या मुलांना कशाला, असा आक्षेप ऐकू येतो. तो मला मान्य आहे. ज्या काळी बालपणीच लग्ने होत, त्या काळी त्या गाण्यांना प्रयोजन होते. आता नवी रचावीत. मुलग्यांनाही फेरात घ्यावे. शब्द बदलल्याने खेळ मोडत नाही. तो मोडतो रंगमंचावर चढवल्याने. हल्ली या खेळांच्या स्पर्धा होतात. सारख्या साड्या, ध्वनिक्षेपक, परीक्षक आणि पहिला क्रमांक! मग चुकणारी धाकटी कोणाला चालेल? तिला समोर सतरंजीवर बसवतात. ज्या खेळाने तिला सोडले नव्हते, त्याचीच ती प्रेक्षक होते.

कोजागिरीचीच पौर्णिमा कन्नड मुलखात सीगी हुण्णिमे. पुढे गौरी हुण्णिमेला साखरेच्या आरत्या घेऊन मुली निघतात. त्यांच्या खेळांविषयी कन्नड विभागात कोणी लिहील तर मी ते समजावून घेईन.

आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होणार आहेत, किंवा दिवाळीच्या सुटीत ज्यांच्या अंगणात भाचरांचा गोंधळ असतो, त्यांनी भुलाबाई नसली तरी फेर आणि डबा घ्यावा. दहा-बारा मुले पुरेत. डबा लपवण्याचे काम सर्वांत लाजऱ्या मुलाला द्यावे. गुपित त्याच्याकडे असल्याने सगळे त्यालाच विचारतात आणि त्याला बोलावेच लागते. डबा मात्र पत्र्याचा असावा. प्लॅस्टिकच्या डब्यात शंकरपाळे वाजतात की शेंगदाणे, हे कानाला नीट कळत नाही.