दहा वर्षांची वाट आणि दोन सामने: बास्केटबॉलच्या छोट्या लीगचा हिशोब

घरातलं पोरगं मैदानावर चमकायला लागलं की घरात दोन मतं होतात. एक म्हणतं, खेळू द्या, नाव काढेल. दुसरं म्हणतं, आधी दहावी-बारावी, मग काय ते. बास्केटबॉलचं वेड आपल्या समाजाला नवं नाही. मुंबईच्या नागपाड्याने हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. भारताचे माजी कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर त्याच नागपाड्यातले. आता मुलं मोबाइलवर अमेरिकेची एनबीए बघतात आणि तिथले करोडोंचे आकडे ऐकतात. पण एनबीएच्या एक पायरी खाली जे शेकडो खेळाडू व्यावसायिक म्हणून खेळतात, त्यांचं घर कसं चालतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज आपण त्यांच्यापैकी एकाची कारकीर्द समजून घेऊ.

छोटी लीग म्हणजे काय?

एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात साधारण १५ पक्क्या जागा. म्हणजे साऱ्या जगातून जेमतेम ४५० खेळाडू. उरलेल्यांपैकी होतकरू खेळाडूंना तयार करण्यासाठी एनबीएने २००१ मध्ये ८ संघांची एक छोटी लीग सुरू केली. पुढे तिला डी-लीग म्हणू लागले. २०१७ पासून प्रायोजक गेटोरेड कंपनीमुळे ती जी-लीग झाली.

इथला नियम समजून घेण्यासारखा आहे. साधा करार केलेला खेळाडू एखाद्या संघाशी नाही, तर थेट लीगशी बांधलेला असतो. त्यामुळे एनबीएचा कोणताही संघ त्याला वर बोलावू शकतो. जानेवारीपासून दहा दिवसांचे करार देता येतात. एका हंगामात एकाच संघाकडून असे दोन करार मिळू शकतात. त्यानंतर संघाने एक तर त्याला उरलेल्या हंगामासाठी ठेवायचं, नाही तर सोडायचं. म्हणजे सामान कायम बांधून ठेवायचं, पण फोन कधी येईल, येईल की नाही, याची खात्री नाही.

आंद्रे इंग्रमची गोष्ट

आंद्रे इंग्रम व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडचा. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतून त्याने भौतिकशास्त्राची पदवी घेतली. २००७ मध्ये एनबीएच्या कुठल्याही संघाने त्याला निवडलं नाही, तेव्हा तो छोट्या लीगमधल्या युटा फ्लॅश या संघात गेला. पुढे लॉस एंजेलिस लेकर्सच्या छोट्या संघात आला. मध्ये थोडे दिवस ऑस्ट्रेलियात पर्थच्या संघाकडूनही खेळून आला. लांबून बास्केट करण्यात त्याचा हात पक्का होता. तीन गुणांच्या बास्केटचा लीगमधला विक्रम त्याच्या नावावर लागला. तरीही वरून बोलावणं आलं नाही. एक हंगाम गेला, दुसरा गेला, बघता बघता दहा वर्षं झाली. सोबतचे कितीतरी जण परदेशी लीगमध्ये गेले, कितीतरी जणांनी खेळच सोडला.

आता पैशाचं बघा. २०१७-१८ च्या हंगामात त्याची कमाई सुमारे १९ हजार डॉलर होती, त्या वेळच्या दराने साधारण १२ लाख रुपये. हा आकडा आपल्याला मोठा वाटेल, पण लॉस एंजेलिससारख्या महागड्या शहरात बायको आणि दोन मुलींचं घर यात चालवणं कठीण. त्याच वर्षी एनबीएतला सर्वांत कमी वार्षिक पगार ८ लाख १५ हजार डॉलर होता, म्हणजे पाच कोटींच्या वर. खेळ तोच, चेंडू तोच, पण एका पायरीचा फरक चाळीस पटींपेक्षा जास्त. राहायची सोय आणि विमा संघाकडून मिळे, पण लीगचा पगार वर्षातले साधारण पाचच महिने असतो. बाकीचं भागवण्यासाठी इंग्रम मुलांना गणित शिकवत असे.

एप्रिल २०१८ मध्ये हंगाम संपल्यावर नेहमीची निरोपाची बैठक समजून तो ऑफिसात गेला. समोर लेकर्सचे प्रमुख मॅजिक जॉन्सन बसलेले. शेवटच्या दोन सामन्यांसाठी तू एनबीएत खेळणार आहेस, असं त्याला सांगण्यात आलं. १० एप्रिलला ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो पहिल्यांदा एनबीएच्या मैदानावर उतरला. त्याने १९ गुण केले आणि तीन गुणांचे पाचपैकी चार फटके बरोबर मारले. लेकर्स हरले, तरी प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडत होते. या दोन सामन्यांचे त्याला १३,८२४ डॉलर मिळाले. पाच महिन्यांच्या कमाईचा मोठा भाग दोन रात्रींत.

यानंतर काय झालं?

सिनेमा असता तर इथे संपला असता. प्रत्यक्षात इंग्रम पुन्हा छोट्या लीगमध्ये परतला. २०१९ मध्ये दहा दिवसांचा आणखी एक करार मिळाला, मग परत खाली. मात्र त्याने आणखी एक काम केलं. २०२० मध्ये जी-लीगच्या खेळाडूंनी संघटना करण्याच्या बाजूने मतदान केलं आणि इंग्रम त्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याआधीच, २०१८-१९ पासून, साध्या कराराचा पगार वाढून ३५ हजार डॉलर झाला होता. पण मागण्या मांडायला खेळाडूंची स्वतःची संघटना आता उभी राहिली.

हे दार उघडेलच असं नाही, याचं उदाहरण आपल्या देशातही आहे. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. सगळीकडे पेढे वाटले गेले. तो टेक्सास लेजंड्स या छोट्या संघाकडून दोन हंगाम खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याची मेहनत कमी होती असं नाही. जागाच कमी होत्या.

आई-वडिलांनी काय विचारायचं?

आमचं म्हणणं खेळ बंद करा असं मुळीच नाही. मुलींनाही मैदान मिळालं पाहिजे, मुलांनाही. पण कुणी अकादमीवाला मोठी स्वप्नं दाखवून फी मागायला आला तर चार प्रश्न जरूर विचारा. शिकणाऱ्यांपैकी किती जण खेळावर पोट भरतात? पगार वर्षातले किती महिने मिळतो? गुडघा दुखावला तर इलाजाचा खर्च कुणाचा? आणि शाळा-कॉलेजची हजेरी कशी सांभाळणार?

इंग्रमच्या सब्रचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि ते करायलाच हवं. पण हा सब्र दहा वर्षं टिकला, कारण त्याच्याकडे पदवी होती आणि घरच्यांची साथ होती. फोन आला नाही तरी त्याच्या घरची चूल पेटत होती. आपल्या पोरांच्या हातात चेंडू देताना दप्तर काढून घेऊ नका, एवढंच.