नॅट उडाले, पण चार वेळा उलटून

मुलगा कॉम्प्युटरवर गेम खेळत बसला की आमचा पारा चढतो. पण या सुट्टीत त्याने 'कर्बल स्पेस प्रोग्राम' या यान बांधण्याच्या गेममध्ये नॅट विमान बांधायला घेतले आणि आम्हीच शेजारी खुर्ची ओढली.

नॅट म्हणजे इंग्लंडच्या फोलंड कंपनीचे चिमुकले लढाऊ विमान. लांबी जेमतेम नऊ मीटर. आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनेही ते बांधले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी निर्मलजित सिंग सेखों याच विमानातून लढता लढता शहीद झाले.

गेममधले छोटे जेट इंजिन 'जुनो', जोर २० किलोन्यूटन. खऱ्या नॅटच्या ऑर्फियस इंजिनाचा जोरही जवळपास तेवढाच! आम्ही खूश. विमान उडालेही, मात्र निम्मे इंधन संपताच उलटले. एकदा नाही, चारदा. आम्ही भाषेचे मास्तर. गुरुत्वमध्याची व्याख्या तेवढी पाठ. टाकी पुढे, इंजिन मागे, म्हणून टाकी रिकामी होईल तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो, हे मुलाने दाखवले. तो पंखांच्या उचलीच्या केंद्रामागे गेला की विमान गेलेच.

मुलगा पंख मागे सरकवू लागला. आम्ही हरकत घेतली, मग ते नॅट कसले?

"बरं अब्बा, टाकीच मध्ये घेऊ."

पाचव्यांदा ते सरळ उडाले. खऱ्या नॅटची चाके अर्धवट खाली सोडली की ब्रेकचे काम करत. ते जमवायच्या नादात त्याच्या अम्मीने जेवायला मारलेल्या तीन हाका आम्हां दोघांनाही ऐकू आल्या नाहीत.