पुडा मोजणारा एक, वही कोणाच्या हातात?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला खाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या कोळशाने इथली फुप्फुसे काळी केली आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाने रस्ते लाल केले. खाणीत कोण उतरतो आणि खाणीचा पैसा कोणाच्या घरी जातो, हेही इथल्या कष्टकऱ्याला पाठ आहे. म्हणून 'मायनिंग करा, घरबसल्या कमवा' असा संदेश आपल्या मुलांच्या मोबाइलवर येतो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला पाहिजे, जो त्यांच्या आज्याने कोळशाच्या काट्यावर विचारला असता. काम कोण करतो, ते मोजतो कोण आणि मोजणाऱ्याला कोण मोजतो?

बिटकॉइनच्या खाणीत ना कोळसा आहे ना माती. २००९ साली सुरू झालेले हे चलन कोणतीही बँक चालवीत नाही. कोणी कोणाला किती दिले याची एक जाहीर खातेवही आहे आणि ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते, त्याला ब्लॉक म्हणतात. हे पान जोडण्याचा मान कोणाला? जो सगळ्यात आधी एक विशिष्ट आकडा शोधून काढील त्याला. त्याबद्दल त्याला नवी बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला ती ५० होती, नंतर साधारण दर चार वर्षांनी निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ झाली.

हा आकडा हुशारीने सापडत नाही. पानावरच्या मजकुरात एक अंक घालायचा, तो सगळा मजकूर एका गणिती सूत्रातून काढायचा आणि निघालेले उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आहे का ते पाहायचे. नसेल तर अंक बदलायचा आणि पुन्हा. दिवसरात्र एवढेच. दहा फासे एकदम टाकायचे आणि दहाही फाशांवर एकच आला तरच बक्षीस, असा खेळ समजा. असे दान सरासरी सहा कोटींत एकदा पडते. एकटा माणूस आयुष्यभर फासे टाकील आणि उपाशी मरेल. म्हणून हजारो लोक एकत्र येतात, ज्याला दान पडेल त्याचे बक्षीस सर्वांनी वाटून घ्यायचे ठरवतात. यालाच मायनिंग पूल म्हणतात. असा पहिला पूल २०१० च्या अखेरीस चेक प्रजासत्ताकातील एका तरुणाने सुरू केला. 'स्लश पूल' हे त्याचे नाव.

आता खरी अडचण सुरू होते. वाटणी कामाप्रमाणे करायची, तर कोणी किती फासे टाकले हे कळणार कसे? यंत्र एकाचे कझाकस्तानात, दुसऱ्याचे अमेरिकेत. देखरेखीला मुकादम ठेवता येत नाही. एखादा नुसता बसून राहील आणि म्हणेल, मी रात्रभर फासे टाकले.

ही अडचण आपल्या जंगलाला नवी नाही. मे महिन्याच्या आसपास पंधरा-वीस दिवसांचा तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरातली बाईमाणसे, म्हातारी, पोरे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, दुपारी पानांचे ओझे घेऊन घरी येतात, सावलीत बसून सत्तर पानांचा एक असे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर नेतात. ठेकेदाराचा दिवाणजी दिवसभर कोणाच्या मागे जंगलात फिरत नाही. कोण किती वाकले, कोणाच्या पायात काटा मोडला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. तो पुडे मोजतो, शेकड्याने दर लावतो आणि कार्डावर आकडा टाकतो. पुडा हाच श्रमाचा पुरावा.

पूलनेही पुडाच शोधून काढला आहे. दहाही फाशांवर एक आला तर सांगाच, पण पहिल्या चारांवर एक आला तरी मला दाखवा, असे पूल सांगतो. चारांवर एक येण्याचे दान सरासरी १,२९६ वेळा टाकले की एकदा पडते. ज्याने अशी शंभर दाने दाखवली त्याने सुमारे एक लाख तीस हजार वेळा फासे टाकले असणार. त्याला बघायची गरजच नाही. या लहान दानाला पूलच्या भाषेत 'शेअर' म्हणतात. त्याला बाजारात काही किंमत नसते, तो फक्त हजेरी असतो. फासे हाताने मांडता येतात, पण सूत्रातून निघालेले उत्तर मांडता येत नाही. ते काढायला अब्जावधी प्रयत्न लागतात आणि तपासायला एकच. पूल चालवणारा कामगाराने पाठवलेला अंक त्याच सूत्रात एकदा घालतो, खरे-खोटे क्षणात कळते.

मग ज्याला मोठे दान पडेल तो ते पूलला न देता स्वतःच पळवून नेणार नाही का? नाही नेऊ शकत. कारण कामगाराला जे पान शोधायला दिलेले असते, त्यातच बक्षीस कोणाच्या खात्यात जाईल हे आधी लिहिलेले असते. खाते पूलचे. ते नाव खोडून स्वतःचे घातले की मजकूर बदलतो, मजकूर बदलला की उत्तर बदलते आणि सापडलेला आकडा निकामी होतो. फार तर तो मोठे दान लपवून ठेवू शकतो आणि लहान दाने दाखवून मजुरी घेत राहू शकतो. असे प्रकार झालेही आहेत, पण त्यात लपवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पूलचे नुकसान मात्र होते.

मजुराला पकडण्याची एवढी पक्की सोय जगातल्या कोणत्याही मुकादमाला कधी लाभली नसेल! पण माझा प्रश्न पुढचा आहे. मालकाला पकडण्याची सोय काय?

फळीवर काय होते ते आठवा. पान बारीक आहे, फाटके आहे, ओले आहे, म्हणून पुडा बाजूला फेकला जातो. शेकड्यावर वरचे काही पुडे घेण्याची जुनी रीत आहे, ते कशाचे हे कोणी विचारीत नाही. पूलमध्येही शेअर नाकारले जातात. तुमचे उत्तर पोहोचेपर्यंत जगात दुसऱ्याच कोणी ते पान जोडले असेल, तर तुमचा शेअर शिळा ठरतो, मजुरी शून्य. ज्याचे इंटरनेट संथ त्याचे शेअर जास्त शिळे. पूलचे कमिशन कापले जाते ते वेगळे. कामगाराला आपले किती शेअर स्वीकारले गेले हे पडद्यावर दिसते. पूलला किती ब्लॉक मिळाले हेही जाहीर खातेवहीत दिसते. पण एकूण शेअर किती आले, इतरांच्या नावावर किती मांडले, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा, तो पूलच्या वहीत असतो. एका दानाला ठरलेली मजुरी देणारे पूलही आहेत. तिथे नशिबाची जोखीम पूल घेतो, पण दर ठरवणाराही तोच. मजुराचा पुडा गणिताने मोजायचा आणि मालकाची वही विश्वासाने मानायची, अशी ही व्यवस्था आहे. पूल पसंत नसेल तर दुसरीकडे जाता येते, एवढीच कामगाराची ताकद. ती एकदा दिसली. जून २०१४ मध्ये 'जीहॅश' नावाच्या पूलकडे जगातल्या एकूण मायनिंगपैकी निम्म्याहून जास्त शक्ती गोळा झाली. निम्म्याहून जास्त म्हणजे खातेवहीशी खेळ करण्याची ताकद. बोंबाबोंब झाली, लोक यंत्रे काढून दुसरीकडे गेले आणि त्या पूलला आपण चाळीस टक्क्यांपुढे जाणार नाही असे जाहीर करावे लागले.

वहीच सर्वांच्या हातात द्यावी, असा प्रयत्नही झाला. २०११ मध्ये 'पीटूपूल' निघाला. त्यात मालक नव्हता. प्रत्येकाचे शेअर प्रत्येकाच्या संगणकावर नोंदले जात आणि ब्लॉक सापडला की वाटणी थेट सदस्यांच्या खात्यात पडे. याच काळात, ऑगस्ट २००९ मध्ये, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा कागद मिळाला होता. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. हक्क गावाचा, पुस्तक साहेबाचे! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. पुढे पेसा आणि वनहक्काच्या बळावर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः केला. १९६९ च्या कायद्यापासून सरकारच्या हाती गेलेला व्यापार गावाकडे आला आणि मजुरीसोबत रॉयल्टीचा आकडाही गावाला कळू लागला. काही ठेकेदारांनी रॉयल्टी थकवली हेही खरे, पण थकली किती हे सांगणारी वही तरी गावात होती. पीटूपूलचे मात्र तसे झाले नाही. मोठ्या पूलांपुढे तो लहानच राहिला. लहान पूलला दान उशिरा पडते आणि ज्याला विजेचे बिल भरायचे आहे तो उशिरा येणाऱ्या मजुरीवर थांबू शकत नाही. रोजची मजुरी हवी असलेला ठेकेदाराकडेच जातो, हे आपल्याला कोणी संगणकावरून शिकवायला नको.

इथपर्यंत बोललो ते खऱ्या कामाबद्दल. आता ज्याने महाराष्ट्रातील माणसे बुडाली ते बघू. अमित भारद्वाज याच्या 'गेनबिटकॉइन'ने लोकांना सांगितले की तुमची बिटकॉइन आमच्या मायनिंगमध्ये गुंतवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत देऊ. खाली माणसे जोडा, कमिशन घ्या. 'जीबीमायनर्स' या नावाचा पूलही होता आणि त्याच्या नावावर खरे ब्लॉक नोंदले गेले होते. त्यामुळे संशय घेणाऱ्याला दाखवायला खाण होती. पण पैसे घातलेल्या माणसाच्या हाती काय होते? ना यंत्र, ना एकही शेअर. पुडा न बांधता कार्डावर आकडा पडत होता आणि त्याला सगळे कमाई म्हणत होते.

या वचनाचा खोटेपणा पहिल्याच दिवशी पकडता आला असता. बिटकॉइनचे कोडे किती अवघड ठेवायचे हे दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी आपोआप ठरते. जगात यंत्रे वाढली की त्याच यंत्राची कमाई घटते. शिवाय जुलै २०१६ मध्ये बक्षीस २५ वरून १२.५ झाले, निम्मे. अशा खाणीतून कोणीही अठरा महिने तोच ठरलेला वाटा बिटकॉइनमध्ये देऊ शकत नाही. देत असेल तर तो नव्या गिऱ्हाइकाच्या खिशातून देतो. पुढे व्हायचे ते झाले. परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाच्या त्यांच्याच नाण्यात देऊ लागले, पुणे आणि नांदेडला गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. अंमलबजावणी संचालनालयाने या व्यवहाराचा आकडा ६,६०० कोटी रुपयांचा सांगितला आहे. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनीच जप्त करावयाचे आभासी चलन वळवले, असा आरोप ठेवून पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये त्यांनाही अटक केली. मोजणाऱ्याला मोजायचे कोणी, हा प्रश्न पोलीस ठाण्यापर्यंत गेला तो असा. नंतर तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या.

काही मंडळी बिटकॉइनच्या समर्थनार्थ बाबासाहेबांचे नाव घेतात. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी चलन काढण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर न सोडता त्यावर पक्की मर्यादा घालावी असे मांडले आणि बिटकॉइनचीही मर्यादा २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे, एवढ्यावरून हे नाते जोडले जाते. हे अर्धवट वाचन आहे. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. किमती वाढतात आणि मजुरी मागे राहते, तेव्हा भरडला जातो तो मजूर, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. जे नाणे २०१७ च्या डिसेंबरात वीस हजार डॉलरजवळ होते आणि वर्षभरात चार हजारांच्या खाली आले, त्यात कोणाची मजुरी द्यायची? फळीवरच्या बाईला संध्याकाळी तेल-मीठ घ्यायचे असते.

आणि ही खाणही शेवटी कोळशावरच येते. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार बिटकॉइनच्या यंत्रांना वर्षाला दहा हजार कोटी युनिटपेक्षा जास्त वीज लागते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र वर्षभर एक मिनिटही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले तरी सुमारे अडीच हजार कोटी युनिट होतील. म्हणजे चार चंद्रपूर, चार इरई आणि तेवढीच राख.

तरीही घरात यंत्र लावायचेच असे ठरवणाऱ्या तरुणाने कागदावर हिशेब मांडावा. अँटमायनर एस-१९ प्रो हे यंत्र ३,२५० वॅटचे आहे, दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २,३०० च्या वर. घरगुती दराने हे बिल किती होते ते महावितरणच्या बिलामागच्या तक्त्यात पाहावे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगसाठी लागलेला यंत्रसामग्रीचा व विजेचा खर्च त्यातून वजा करू दिला जात नाही. पूलचे कमिशन आणि शिळे शेअर त्यातच धरावेत. आणि जो कोणी यंत्र, वीज, शेअर यांचे नावही न काढता नुसता दरमहाचा टक्का सांगेल, त्याला एकच म्हणावे की बाबा, आधी पुडा दाखव.