स्विमिंग पूल चालवणारं सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

रिसर्च सुरू करताना "कोणतं सॉफ्टवेअर वापरू?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आज तो प्रयोगशाळेबाहेरच्या एका उदाहरणातून समजून घेऊ.

अमेरिकेत बऱ्याच घरांच्या मागे स्विमिंग पूल असतो. त्याचा मुख्य पंप, हीटर, क्लोरीन आणि ॲसिड सोडणारे डोसिंग पंप, हे सगळं होम ऑटोमेशनने चालवायचंय असं समजा. ओपनहॅब (२०१०, जावा) आणि होम असिस्टंट (२०१३, पायथन) ही दोन नावं लगेच समोर येतात. दोन्ही मोफत, दोन्ही ओपन सोर्स. मग निवड कशावर करायची?

फीचर्सची यादी नंतर करा. आधी हे विचारा: सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं तर काय होईल?

दिवा चालू राहिला तर फार तर बिल वाढेल. पण मुख्य पंप थांबला आणि डोसिंग चालूच राहिलं, तर हायपोक्लोराइट आणि ॲसिड पाइपमध्येच एकत्र येतात आणि क्लोरीन वायू तयार होतो. पंप पुन्हा सुरू झाला की तो थेट पोहणाऱ्यांपर्यंत जातो. म्हणून पहिला नियम: सुरक्षा सॉफ्टवेअरवर सोडायची नाही. डोसिंग पंपाची वीज फ्लो स्विचमधूनच जायला हवी. पाणी वाहत नसेल, तर सॉफ्टवेअरने काहीही आज्ञा दिली तरी डोसिंग होता कामा नये.

एवढं पक्कं झालं की पुढचे तीन प्रश्न.

१. संपर्क कुठून होतो? होम असिस्टंट पेंटेअरच्या स्क्रीनलॉजिकशी घरातल्या नेटवर्कवरूनच बोलतं, पण आयअ‍ॅक्वालिंकसाठी क्लाउड लागतो. इंटरनेट गेलं की फरक कळतो. म्हणजे आधी यंत्र बघा, मग सॉफ्टवेअर.

२. त्याच्याकडून नेमकं कोणतं काम हवंय? पंपाचा वेग निम्मा केला तर सिद्धांतानुसार शक्ती एक-अष्टमांश लागते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ धरला, तरी ऊर्जा एक-चतुर्थांशच! वेगाचं वेळापत्रक सांभाळणं हे सॉफ्टवेअरचं खरं काम. फक्त हीटर आणि क्लोरिनेटरला लागणारा किमान प्रवाह राखायचा.

३. डेटा किती दिवस टिकतो? होम असिस्टंट मूळ सेटिंगमध्ये सविस्तर नोंदी १० दिवसच ठेवतं. त्यानंतर काही सेन्सरांचे तासागणिक आकडे तेवढे उरतात. पीएच नेमका किती वाजता घसरला हे महिन्याभरानंतर शोधायचं असेल, तर सेटिंग आजच बदला.

आता पूलच्या जागी तुमच्या लॅबमधली भट्टी, इन्क्युबेटर किंवा गॅसची लाइन ठेवून बघा. प्रश्न तेच राहतात. गाइडना "हे सॉफ्टवेअर सोपं आहे" एवढंच सांगू नका. ते बंद पडल्यावर तुमचा प्रयोग सुरक्षित कसा थांबतो, हे एका कागदावर लिहून न्या. निवडीचं निम्मं काम तिथेच होतं.