घाटाखालचे सभासद : तळेऱ्याची ओळख



करूळ घाट उतरून वैभववाडीवरून पुढे गेले की तळेरे लागते. कणकवली तालुक्यातले हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर असून विजयदुर्गाचा रस्ताही इथूनच फुटतो. आपल्या ड्रायव्हर मंडळींना हे नाव पाठ आहे. पण नाक्यावर चहा घेऊन पुढे जाणाऱ्याला गाव दिसत नाही. ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही वाड्यावाड्यांतून हिंडलो, म्हणून हे चार शब्द.

आपल्याकडे घाटावर घराला घर लागून असते. इथे वाड्या विखुरलेल्या. दोन घरांमध्ये आंबा, काजू, फणस आणि एक पायवाट. तरी पाहुणा पोचायच्या आत त्याची वर्दी पोचते! "येवा, बसा. चाय घेवा, मगे ऊस बघूक जावया," असे म्हणून बसवतातच. घाई चालत नाही.

पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून खरे पीक भाताचे. ऊस जिथे पाण्याची सोय तिथेच, तोही लहान लहान तुकड्यांत.

पण सगळ्यात मोठी टंचाई माणसांची आहे. पूर्वी घरटी एखादा तरी मुंबईच्या गिरणीत असायचा आणि मनीऑर्डरीवर घर चालायचे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी मुंबईची वाट मोडली नाही. गणपतीला चाकरमानी आले की घर भरते. ते परतले की ओटीवर दोन म्हातारी माणसे उरतात.

2024 च्या जानेवारीत, ऐन गाळपात, करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला. वाहतूक दुसऱ्या घाटांनी वळली, गाड्यांना उशीर होऊ लागला. एका वयस्क सभासदाचा ऊस तोडून फडात पडला होता आणि गाडीचा पत्ता नव्हता. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपण जाणता. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या वाडीतली चार-पाच माणसे मोळ्यांवर पाला घालून पाणी शिंपडत होती. बोलावणे कोणी धाडले नव्हते. त्यांचा स्वतःचा ऊस अजून उभाच होता.

गाडी भरल्यावर सभासद म्हणाले, "साहेब, पोरगो मुंबयक. आमच्या मागसून ह्या शेत कोण करतलो?"

खताचा हप्ता विचारला असता तर आम्ही लगेच सांगितला असता. या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. गाव लहान असले की माणूस एकटा पडत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पण हाकेला ओ देणारेच कमी झाले तर काय?

आमच्या हातात आहे तेवढे सांगतो. घाटाखालील सभासदांनी एका वाडीच्या लागणी शक्यतो एकाच पंधरवड्यात धराव्यात, म्हणजे तोड एकदम देता येईल आणि एका टोळीत सगळ्यांचे काम उरकेल. पावसाळ्यापूर्वी निचऱ्याचे चर काढावेत. गाडी ठरल्याशिवाय कोयता लावू नये. आणि गणपतीला मुलगा आला की त्याला एकदा फडावर न्यावे. बांध कुठला, पाणी कुठले, एवढे तरी त्याला ठाऊक असू द्यावे.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी