महाविद्यालयीन कार्यालयातील दस्तऐवजांची बांधणी : साहित्य व उपकरणे यांची निवड

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात वर्षभर कागद निर्माण होत असतो. प्रवेश नोंदी, निकालपत्रके, सेवापुस्तके, सभांची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, विभागांचे वार्षिक अहवाल अशी त्याची अनेक रूपे आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची (नॅक) स्थापना १९९४ मध्ये झाली आणि कालांतराने अहवालांचे जाडजूड खंड सिद्ध करणे हे प्रत्येक महाविद्यालयाचे नित्याचे काम झाले. २०१७ पासून स्वयंमूल्यमापन अहवाल ऑनलाइन सादर करण्याची पद्धत आली. तथापि त्यामागील पुरावे, मूळ नोंदवह्या व स्वाक्षरीची कागदपत्रे आजही कपाटातच असतात.

असे असूनही, बांधणीचा विचार बहुधा काम संपल्यानंतर, अगदी घाईच्या क्षणी केला जातो. जवळच्या झेरॉक्स दुकानात जी सोय असेल ती सर्व प्रकारच्या कागदांना सारखीच लावली जाते. दस्तऐवजाचे आयुष्य, त्याचा वापर आणि त्याचे कायदेशीर मूल्य यांनुसार बांधणीची पद्धत, साहित्य व यंत्र कसे निवडावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बांधणीचे महत्त्व

महाराष्ट्राला कागद जपण्याची दीर्घ परंपरा आहे. पोथीची सुटी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात गुंडाळली जात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून जतन केले आहेत. या पद्धतीत कागदाला भोक, खिळा अथवा गोंद लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय.

आजच्या कार्यालयात हा प्रश्न केवळ जतनाचा नसून हक्काचाही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित स्वरूपात ठेवणे बंधनकारक आहे. इतर मागासवर्गाच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. अशा प्रसंगी वडिलांच्या अथवा आजोबांच्या शिक्षणाच्या जुन्या नोंदी शोधल्या जातात. सेवापुस्तकातील एखादे पान गळाले तर निवृत्तिवेतनाचे प्रकरण अडते. म्हणजेच, आज नोंदवही कशी बांधली यावर पन्नास वर्षांनंतर एखाद्या कुटुंबाचा दावा अवलंबून राहू शकतो.

दस्तऐवजांचे वर्गीकरण

साहित्य खरेदी करण्यापूर्वी कार्यालयातील कागदांचे पुढील तीन वर्ग करावेत.

१) अल्पकालीन : कार्यशाळेची टिपणे, कार्यक्रमपत्रिका, सूचनांच्या प्रती. यांना टाचणी, फाईल टॅग अथवा साधी फाईल पुरेशी आहे.

२) मध्यमकालीन : प्रकल्प अहवाल, विभागीय अहवाल, प्रयोगवह्या. यांना यंत्राने करावयाची कंगवा, वायर अथवा स्पायरल बांधणी योग्य ठरते.

३) कायमस्वरूपी : जनरल रजिस्टर, निकालपत्रके, इतिवृत्ते, सेवापुस्तके. यांना शिवलेली बांधणीच हवी.

यंत्राने करावयाच्या बांधणीचे प्रकार

*कंगवा बांधणी* : कागदाच्या डाव्या कडेला आयताकृती भोके पाडून त्यांत प्लॅस्टिकचा कंगवा बसविला जातो. ए-४ आकारासाठी २१ कड्यांचा कंगवा वापरतात. कंगवा पुन्हा उघडता येत असल्याने पाने बदलता किंवा वाढविता येतात. मसुदा वारंवार सुधारला जात असेल तर ही सोय मोलाची आहे. तथापि कायम अभिलेखाच्या बाबतीत हीच सोय दोष ठरते, कारण पान बदलल्याची कोणतीही खूण मागे राहत नाही.

*वायर बांधणी* : दुहेरी तारेची कडी दाबून बंद केली जाते. पाने पूर्ण मागे उलटतात व वही टेबलावर सपाट राहते. यात भोकांच्या दोन मापपद्धती आहेत : एका इंचात तीन भोके (३:१) आणि एका इंचात दोन भोके (२:१). पहिली कमी जाडीसाठी, तर दुसरी अधिक जाडीसाठी वापरतात. एका मापाची तार दुसऱ्या मापाच्या भोकांत बसत नाही. म्हणून यंत्र व तार यांची मागणी नेहमी एकत्र तपासावी.

*स्पायरल बांधणी* : लहान गोल भोकांतून प्लॅस्टिकचे वेटोळे फिरवून घातले जाते. ती स्वस्त व हाताळणीस चिवट आहे. परंतु तिच्या पाठीवर शीर्षक छापता येत नाही, त्यामुळे कपाटातील खंड ओळखणे कठीण जाते.

*उष्ण गोंद बांधणी* : आवरणाच्या कण्यातील गोंद उष्णतेने वितळून पानांच्या कडा धरतो. बाह्यरूप पुस्तकासारखे व पाठ छापण्यायोग्य असते. मात्र काळाच्या ओघात गोंद कडक होऊन पाने सुटू शकतात. गुळगुळीत, लेपित कागदावर त्याची पकडही कमी असते.

कायम अभिलेखांची बांधणी

कागद दुमडून तयार केलेले जुज दोऱ्याने शिवून, त्यावर पुठ्ठा व कापड चढविण्याची जुजबंदी ही आजही सर्वांत टिकाऊ पद्धत आहे. कोऱ्या नोंदवह्या अशाच बांधून घ्याव्यात. लेखन सुरू करण्यापूर्वी सर्व पृष्ठांवर अनुक्रमांक टाकावेत व पहिल्या पृष्ठावर एकूण पृष्ठसंख्येचा दाखला प्राचार्यांच्या स्वाक्षरीने नोंदवावा. संगणकावर छापलेली इतिवृत्ते जुन्या वहीत चिकटविण्यापेक्षा, पृष्ठांकित व स्वाक्षरीत सुटे कागद वर्षाअखेरीस कडेने शिवून त्यांचा खंड करणे अधिक श्रेयस्कर होय.

येथे चिकट पदार्थाचाही विचार आवश्यक आहे. पिठाच्या खळीला वाळवी, झुरळ व कसर यांचा उपद्रव होतो. म्हणून परंपरेने बांधणीकार तीत मोरचूद मिसळत आले आहेत. मोरचूद विषारी असल्याने हाताळताना काळजी घ्यावी. पारदर्शक चिकटपट्टी कालांतराने पिवळी पडते व कागदावर डाग सोडते. कायम कागदांवर तिचा वापर पूर्णतः टाळावा. कोकणासारख्या दमट प्रदेशात लोखंडी टाचण्या गंजून कागद खातात. त्यामुळे बांधणीपूर्वी त्या काढून घेणे हे पहिले काम समजावे.

कागद, समास व आवरण

कायम अभिलेखासाठी आम्लविरहित कागद निवडावा. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात कागदातील क्षारीय साठा किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अपेक्षित आहे. हा साठा कालांतराने निर्माण होणारे आम्ल शमवितो.

डाव्या समासाकडे दुर्लक्ष झाल्यास उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. यंत्राच्या बांधणीस सुमारे ३० मिलिमीटर, तर कडेने शिवावयाच्या खंडास सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच, समास सोडावा. ही सूचना छपाईपूर्वीच सर्व विभागांना द्यावी. पीव्हीसीच्या पारदर्शक आवरणाला फोटोकॉपीची शाई चिकटून अक्षरे उचटतात. म्हणून आवरण व पहिले पान यांमध्ये एक कोरा कागद घालावा.

कड्यांचे माप ठरविताना पृष्ठे नव्हे, तर पाने मोजावीत. ७५ जीएसएमच्या १०० पानांची जाडी साधारण एक सेंटीमीटर भरते. तीत तीन ते चार मिलिमीटर मिळवून कडी निवडावी. उदाहरणार्थ, दोन्ही बाजूंनी छापलेल्या २०० पृष्ठांच्या अहवालास १४ मिलिमीटरचा कंगवा पुरतो. कडी घट्ट असेल तर पाने भोकांपाशी फाटतात.

यंत्र निवडीचे निकष

यंत्र घेताना पुढील बाबी पाहाव्यात : एका वेळी किती कागदांना भोके पडतात, कडेपासून भोकाचे अंतर बदलता येते का, नको असलेल्या पिना मागे घेता येतात का, कचरा काढण्याचा खण सुलभ आहे का, आणि सुटे भाग व दुरुस्ती गावात अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते का. उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेच्या निम्मेच कागद एका वेळी घातल्यास यंत्राचे आयुष्य वाढते. दरपत्रके मागविताना स्वतःचा कागद नेऊन प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.

यंत्र घ्यावे की बाहेरून काम करून घ्यावे, हे साध्या हिशेबाने ठरते. समजा, वर्षाला १५० अहवाल बांधावे लागतात आणि बाहेरील दर व स्वतःच्या साहित्याचा खर्च यांत प्रत्येकी २० रुपयांचा फरक पडतो. तर वार्षिक बचत ३,००० रुपये होते. यंत्राच्या किमतीला या रकमेने भागले असता ती किती वर्षांत भरून निघेल, हे कळते. मात्र परीक्षाविषयक व सेवाविषयक कागदांच्या बाबतीत गोपनीयता हा किमतीहून मोठा निकष आहे. असे कागद कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नयेत. शिवण आवश्यक असल्यास बांधणीकारालाच कार्यालयात बोलावून, जबाबदार कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली काम करवून घ्यावे.

निष्कर्ष

बांधणीची एकच पद्धत सर्व कागदांना लागू पडत नाही. बदलणाऱ्या मजकुराला कंगवा, वारंवार हाताळावयाच्या अहवालाला वायर अथवा स्पायरल आणि कायम अभिलेखाला शिवण, हा विवेक ठेवल्यास खर्च आटोक्यात राहतो व अभिलेखही सुरक्षित राहतात. प्रत्येक महाविद्यालयाने शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आपल्या कागदांची वर्गवारी करून बांधणीविषयक एक पानी नियमावली तयार करावी व तीत समास, कागद, पृष्ठांकन आणि जबाबदार कर्मचारी यांचा स्पष्ट उल्लेख करावा. संगणकीय प्रत ही शोधासाठी सोयीची आहे; परंतु मूळ स्वाक्षरीचा कागद मागितला जाईल, तेव्हा तो अखंड स्थितीत सादर करता येणे हीच कार्यालयाच्या विश्वासार्हतेची कसोटी होय.